निवळीचे बी : वाईतील एक शरद

सहा ऋतूंत शरदाचा मान काही निराळाच आहे. वसंतास कवींनी ऋतुराज म्हटले, वर्षेकडे शेतकरी डोळे लावून बसतो; परंतु आयुष्य मोजण्याची वेळ आली तेव्हा वैदिक ऋषींनी देवांपाशी शंभर शरद मागितले, आणि 'शरद' हा शब्द 'वर्ष' ह्या अर्थीही रूढ झाला. यास्काचार्यांनी निरुक्तात ह्या शब्दाची जी व्युत्पत्ती दिली आहे, तीनुसार ज्या ऋतूत ओषधी पक्व होतात तो शरद. आश्विन व कार्तिक हे त्याचे दोन मास. वेदकाळी ह्या मासांची नावे इष आणि ऊर्ज अशी होती. एकाचा अर्थ अन्न, दुसऱ्याचा बळ. सारांश, धान्य पिकावे, पाणी निवळावे, आकाश धुऊन निघावे, असा हा काळ.

शके १९४७ च्या (इ. स. २०२५) भाद्रपदात आमच्या घरातील सहा वर्षांची नात शाळेतून एक छापील कागद घेऊन आली. त्यावर एका निष्पर्ण झाडाची आकृती होती व खाली इंग्रजीत शरद ऋतूचे नाव. झाडाखाली लाल-पिवळी पाने रंगवावयाची, आणि घराभोवती पडलेली तशीच पाने वेचून तेथे चिकटवावयाची, असा तो गृहपाठ. मुलगी पिशवी घेऊन परसात गेली. परसात पेरू, प्राजक्त, आवळा, कढीलिंब. सारे पावसाने न्हालेले आणि हिरवेगार. अर्ध्या घटकेने ती रिकामी पिशवी घेऊन परत आली व म्हणाली, "आजोबा, आपल्याकडे शरद येतच नाही का?"

कागद खोटा नव्हता. तो दुसऱ्या देशाचा होता. विलायतेत व अमेरिकेच्या उत्तर भागात दिवस लहान होऊ लागले व थंडी पडू लागली, की वृक्ष पानांतील हरितद्रव्य मोडून त्यातील कामाचा अंश आत ओढून घेतात. मग हिरव्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो, काही वृक्षांत तांबडा रंग नव्याने तयार होतो, आणि शेवटी पान गळते. आपल्याकडील वृक्षांस भय आहे ते थंडीपेक्षा कोरड्या महिन्यांचे. म्हणून आपली पानगळ माघ-फाल्गुनात, शिशिरात होते. आश्विनात मुळांशी पाणी भरपूर असते, झाडाने पान टाकावे कशाला? आमच्या भाच्याची मुले अमेरिकेत न्यू जर्सीकडे राहतात. त्यांनी तो कागद भरावा व आनंदाने भरावा, कारण त्यांच्या दारात ती पाने खरोखरीच पडतात. वाईच्या मुलीने मात्र, आपल्या डोळ्यांस दिसते ते काहीच नव्हे आणि छापलेले असते तेवढेच खरे, अशी समजूत सहाव्या वर्षी करून घ्यावी, ह्यासारखी हानी नाही. अशी समजूत झालेली मुले आम्ही वर्गात पुष्कळ पाहिली. ती हुशार असतात, उत्तरे पाठ म्हणतात, आणि खिडकीबाहेर पाहावयास सांगितले तर आपल्याकडे पाहतात.

ह्यावर तोंडी उपदेशाचा उपयोग नसतो. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात एक सुंदर दृष्टान्त आहे. कतक वृक्षाचे फळ गढूळ पाणी स्वच्छ करते हे खरे. परंतु त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असे स्मृतिकार म्हणतात. हा कतक म्हणजे आपली निवळी. शरदाचेही तसेच आहे. त्याची नावे, मास आणि लक्षणे मुलांकडून घोकून घेतल्याने मनातील गढूळपणा जात नाही. बी उगाळावे लागते. म्हणून त्या वर्षी घटस्थापनेपासून तुलसीविवाहापर्यंत घरातील चार मुलांस शरद हाताने शिकवावयाचा, असे आम्ही ठरविले. मुले पाच ते नऊ वर्षांची होती. त्यांत पुतण्याचा सात वर्षांचा मुलगा होता, ज्याच्याविषयी शाळेतून 'लक्ष देत नाही, पाठ म्हणत नाही' असा निरोप वरचेवर येई, आणि ज्याची आई त्या निरोपांनी रात्री जागत असे. त्याच्याविषयी पुढे सांगू.

ज्या वाचकांनी वाई पाहिली नसेल त्यांच्यासाठी प्रथम गावाविषयी थोडे सांगतो. पुण्याहून साताऱ्याच्या रस्त्याने खंबाटकीचा घाट उतरले, की सुरूर येथे उजवीकडे फाटा फुटतो. तेथून थोड्याच वेळात डोंगरांच्या द्रोणात वसलेले हे गाव लागते. मधून कृष्णा वाहते, आणि तिच्या काठाने गंगापुरीपासून भीमकुंडापर्यंत सात आळ्यांचे सात घाट आहेत. गावास दक्षिणकाशी म्हणण्याचा प्रघात आहे. वेदशास्त्रांच्या पाठशाळा येथे नांदल्या आणि मराठी विश्वकोशाचे कार्यालयही ह्याच गावी आले. म्हणजे शब्दांचा व्यवहार येथे भरपूर. परंतु मुलांच्या दृष्टीने वाईचे खरे वैभव म्हणजे घाटाच्या पायऱ्या. नदी किती चढली व किती उतरली हे लहान मूलदेखील पायऱ्या मोजून सांगू शकते. ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधविले. त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, ती शोभेसाठी नव्हे. पुराचे पाणी तिजवर येऊन दुभंगावे व देवळास धक्का लागू नये, म्हणून. आम्ही मुलांस ती भिंत हाताने चाचपावयास लावली, आणि मग पाण्याच्या हंड्यात एकदा सपाट फळी व एकदा निमुळती फळी धरून पाणी कसे फाकते ते दाखविले. वर्षेचा जोर काय असतो हे समजले, तरच शरदाची शांती समजते.

पहिला पाठ पाण्याचा. श्रावणातील एका पुराच्या दिवशी आम्ही घाटावरून काचेची एक बाटली भरून घेतली होती व तिजवर तिथी लिहून ठेवली होती. त्यानंतर दर सोमवारी एकेक बाटली भरून खिडकीत मांडली. आश्विन लागला तेव्हा खिडकीत बाटल्यांची रांग झाली होती, आणि प्रत्येकीच्या तळाशी बसलेला गाळ मुले दोऱ्याने मोजीत. श्रावणातला गाळ बोटाच्या पेऱ्याएवढा, आश्विनातला नखाएवढा. असे का, हे आम्ही सांगितले नाही. नऊ वर्षांच्या नातवाने दोन दिवसांनी सांगितले, की आता डोंगरावर गवत वाढले आहे, ते माती धरून ठेवते, आणि पाऊसही धो धो पडत नाही. त्यात आम्ही एवढीच भर घातली, की वर धोमला धरण आहे, तेथे पाणी थांबते आणि त्यातला काही गाळ तेथेच बसतो. म्हणून आजची कृष्णा सर्वस्वी आपल्या मनाची नाही.

मग निवळी. काष्ठौषधांच्या दुकानातून चार बिया आणल्या. दोन सारख्या बाटल्यांत सारखेच गढूळ पाणी घेतले. सहाणेवर थेंबभर पाण्यात एक बी उगाळले, ते गंध एका बाटलीत घालून ढवळले, व दोन्ही बाटल्या शेजारी ठेवल्या. बीतील द्रव्यामुळे मातीचे सूक्ष्म कण एकमेकांस धरतात, त्यांचे पुंजके होतात व ते जड होऊन खाली बसतात. शहरातील जलशुद्धीकरणात तुरटी हेच काम करते. तीन मुले काही वेळाने खेळावयास गेली. सात वर्षांचा तो मुलगा मात्र बाटलीसमोर मांडी घालून तासभर बसला, आणि उठल्यावर म्हणाला, "आधी ढग झाले, मग ढग खाली पडले." आकाशातले ढग जातात आणि पाण्यातले बसतात, ह्या दोन गोष्टी त्याने आपण होऊन शेजारी मांडल्या. लक्ष न देणाऱ्या मुलाचे हे लक्ष होते. येथे एक सूचना करणे अवश्य आहे. निवळी आणि विषारी कुचला ही एकाच कुळातील झाडे असून त्यांच्या बियांत साम्य आहे. तेव्हा बी वडील माणसांनी खात्रीच्या दुकानातूनच आणावे, मुलांनी ते तोंडात घालू नये, आणि प्रयोगाचे पाणी कोणी न पिता झाडांस घालावे.

दुसरा पाठ देवघरातला. त्या वर्षी घटस्थापना २२ सप्टेंबरास आली, आणि दिवस-रात्र समान होण्याचा शरत्संपातही त्याच दिवशी. पत्रावळीवर काळी माती पसरून नवधान्य पेरावयाचे, वर घट मांडावयाचा, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. आम्ही तिला एक जोड दिली. दुसऱ्या पत्रावळीत तीच माती व शंभर मोजून गहू, असे करून ती अंगणात उजेडाशी ठेवविली. दसऱ्यापर्यंत देवघरातील रोपे वीतभर उंच, पिवळी व नाजूक झाली. अंगणातील त्यांच्या निम्मी, पण हिरवी व ताठ. देवघरात उजेड कमी, म्हणून रोप प्रकाशाच्या शोधात आपले सारे बळ उंचीस लावते, आणि प्रकाशावाचून हरितद्रव्य बनत नाही म्हणून पिवळे राहते. घरातील बायकांस हे रोप पिवळे निघते हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होते. का, ते आता पाच वर्षांची मुलगीही सांगते. अंगणातल्या शंभर दाण्यांतून एक्क्याण्णव उगवले. बियाणे पेरण्याजोगे आहे किंवा नाही हे ठरविण्याची शेतकऱ्याची कसोटी हीच आहे, हे पुढे एका शेतातच कळावयाचे होते.

तिसरा पाठ सावलीचा. ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत पलभा म्हणून एक मान आहे. बारा अंगुळे उंचीचा शंकू सपाट भूमीवर उभा करावा आणि संपाताच्या दिवशी माध्यान्ही त्याची सावली मोजावी. ती त्या गावची पलभा. वाईचे अक्षांश सुमारे अठरा, म्हणून येथील पलभा चार अंगुळांस किंचित कमी. २२ तारखेस आभाळ झाकलेले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ढग फाटले, आणि अंगणात पाटावर उभ्या केलेल्या काठीची सावली मुलांनी खडूने आखली. घड्याळाच्या बारांस ती सर्वांत लहान नव्हती, साडेबाराच्या थोडी आधी झाली. कारण आपले घड्याळ वाईच्या सूर्यावर चालत नसून पूर्वेकडील साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावर चालते. पुढे नरकचतुर्दशीस तीच सावली साडेसहा अंगुळांजवळ गेली, व कार्तिकी एकादशीस साडेसातांच्याही पुढे. सूर्य दक्षिणेस सरकतो आहे हे वाक्य पुस्तकात असते. पाटावरच्या खडूच्या रेघा पुसता येत नाहीत. आमच्या सूनबाईंनी तो पाट महिनाभर जेवणास घेतला नाही, ह्याबद्दल त्यांचे आभार मानले पाहिजेत.

सूर्याचा हस्त नक्षत्रात प्रवेश झाला आणि हादगा सुरू झाला. पाटावर हत्ती काढून, वर फळांची माळ टांगून फेर धरावयाचा, रोज एक गाणे वाढवावयाचे, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखावयाची, हा खेळ मुलींचा मानला जातो. आम्ही मुलांसही फेरात घेतले. हस्ताचा पाऊस, हत्ती आणि पिकलेली फळे ह्यांचा संबंध त्या पाटावरच सांगून झाला. दसऱ्यास एकच नियम केला. प्रत्येकाने आपट्याचे एकच पान घ्यावयाचे, फांदी मोडावयाची नाही, आणि ते पान खरोखरी आपट्याचे असले पाहिजे. आपट्याचे पान लहान, लांबीपेक्षा रुंदीस अधिक, कांचनाचे मोठे. बाजारात पुष्कळदा कांचनच सोने म्हणून खपते. मुलांनी दोन्ही पाने वहीत ठेवून वर बोट फिरवून रेघा उमटविल्या, त्यानंतर त्यांस कोणी फसवू शकले नाही.

दसऱ्यानंतर एका सकाळी आम्ही मेणवलीस पायी गेलो. वाईपासून हे गाव सुमारे तीन किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, नदीवरचा घाट, आणि तेथील घुमटीत टांगलेली पोर्तुगीज घंटा ह्यांमुळे प्रसिद्ध. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्या विजयातील ही घंटा, असे सांगतात. परंतु त्या दिवशी मुलांचे लक्ष घंटेपेक्षा पायऱ्यांवर धावणाऱ्या पाखरांकडे अधिक होते. लांब शेपटी वरखाली हलवीत, चार पावले पळून थबकणारे हे पाखरू म्हणजे धोबी. संस्कृतात ह्यास खंजन म्हणतात. ह्यांतील पांढऱ्या भुवईचा काळा धोबी बारमाही येथलाच. करडा व पांढरा हे मात्र हिमालयाकडून व त्याच्याही पलीकडून शरदाच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्यापूर्वी परततात. मुलांनी घाटावर बसून कोणता कोणता ते ओळखावयाचे व खडे मोजून टिपावयाचे, असे ठरले. येथलेच सहा, पाहुणे तीन, अशी त्या दिवसाची खानेसुमारी झाली. वेळूएवढे उंच वाढलेले कास गवत काठाने पांढरे फुलले होते, आणि पांडवगडाच्या उतारावर सोनकीने पिवळी झाक आणली होती. शरद पिवळा असतोच, हे नातीने तेथे कबूल केले. पण तो फुलांनी पिवळा असतो, पानांनी नव्हे.

परतताना रस्त्याच्या कडेच्या शेतात एक वृद्ध शेतकरी शाळूची पेरणी करावी की चार दिवस थांबावे, ह्या विचारात बांधावर उभे होते. आम्ही मुलांस त्यांच्या स्वाधीन केले. त्यांनी वाफसा कशास म्हणतात ते दाखविले. वितभर खालची मूठभर माती घ्यावी व दाबावी. हातास चिकटली तर रान अजून ओले, गोळाच झाला नाही तर सुकले. गोळा व्हावा, आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकताच फुटावा, म्हणजे वाफसा आला. चौघांनी चार ठिकाणची माती दाबून पाहिली. तिघांनी उत्साहाने 'आला' म्हणून सांगितले. पुतण्याच्या मुलाने आपला गोळा दोनदा टाकला, हात पाहिला, आणि हळूच म्हणाला, "ओढ्याकडे नाही आला." शेतकऱ्याने स्वतः जाऊन पाहिले, व म्हणाले, "मास्तर, पोराचा हात खरा हाय." त्या मुलाच्या आयुष्यात परक्या माणसाने केलेली ही पहिली स्तुती असावी. घरी येईपर्यंत त्याने हात धुतला नाही. अंगणातील एक्क्याण्णव रोपांची गोष्टही त्यानेच शेतकऱ्यास सांगितली, आणि नव्वदांच्या वर उगवण म्हणजे बियाणे चांगले, हा शेरा मिळवून आला.

कोजागरीस आभाळ बहुतेक झाकलेले राहिले. मसाल्याचे दूध पिऊन मुले निजली. त्यापेक्षा सप्तपर्णीचा पाठ रंगला. संस्कृत कवींनी शरदाच्या वर्णनात ज्यास वारंवार स्थान दिले तो हाच वृक्ष. नावावरून पाने सात असावीत. मुलांनी चार डहाळ्यांवरील झुबके मोजले, तर कोठे पाच, कोठे सहा, कोठे सात व एके ठिकाणी आठ निघाली. नावावर विसंबू नये, मोजून पाहावे, हा धडा त्या झाडानेच दिला. प्राजक्ताची पहाटे पडलेली फुले वेचून, केशरी देठ निराळे करून, ते ऊन पाण्यात भिजविले. त्या पाण्यात पांढरा रुमाल बुडवून वाळविला तो सुंदर पिवळा निघाला. पूर्वी रेशीम रंगविण्यास हा रंग वापरीत.

घरात ह्या साऱ्याविषयी एकमत होते असे मात्र नाही. दिवाळीची सुटी लागून किल्ल्याचा विषय निघाला तेव्हा विरोध उघड झाला. थोरल्या सूनबाईंचे म्हणणे असे, की मुले चिखलाने माखतात, शिंकतात, आणि सहामाही परीक्षेचे गुण कोणी वाफशावर देत नाही. बाजारात तयार किल्ला मिळतो, तो आणावा. पुतण्याच्या पत्नीचे दुःख ह्याहून खोल होते. ती म्हणाली, "मामंजी, त्याला माती कळते, हे मला पटलं. पण उद्या वर्गात विचारतात ते पाठच. तिथं त्याचं काय होणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. आम्ही तिला एवढेच सांगितले, की पाठ हवेच, आणि ते करून घेण्याचे काम आमच्याकडे. परंतु ज्या मुलास आपण कशात तरी खरे ठरतो हे एकदा समजले, ते पाठांतराच्या कष्टासही निराळ्या धीराने बसते. तिला हे कितपत पटले ते सांगवत नाही. दुसऱ्या दिवशी जुनी गोणपाटे मात्र तिनेच माळ्यावरून काढून दिली.

किल्ला झाला तो पांडवगडाचा. शिलाहार राजा दुसरा भोज याने तो बांधल्याचे सांगतात. मुले घाटावर जाऊन, खऱ्या गडाकडे पाहून, कडा कोठे व सोंड कोठे ते कागदावर काढून घेत आणि अंगणात येऊन मातीत बसवीत. उतारावर हळीव व मोहरी पेरली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गडावर हिरवळ होती. बाजारच्या किल्ल्यात हे उगवणे मिळत नाही.

नरकचतुर्दशी २० ऑक्टोबरास आली. आदल्या दिवशी मुलांनी कुंपणावरून कारिटे शोधून आणली होती. हे रानटी फळही शरदाचेच. पहाटे पाच वाजता, अभ्यंगापूर्वी, आम्ही सर्वांस गच्चीवर नेले. दक्षिणेस उंच व्याधाचा तेजस्वी तारा, आणि त्याच्या खाली, लांब केलेल्या हाताच्या साडेतीन मुठी सोडून, दुसरा तारा, तो अगस्त्य. क्षितिजापासून मोजला तर दोन मुठी. वाईहून तो ह्याहून वर कधीच चढत नाही. अगस्त्याच्या उदयाने वर्षेचे गढूळ पाणी निर्मळ होते, अशी प्राचीन समजूत. चरकाचार्यांनी दिवसा सूर्याने तापलेल्या, रात्री चंद्राने निवविलेल्या व अगस्त्याने निर्विष केलेल्या शरदातील पाण्यास हंसोदक असे नाव दिले आहे. तारा पाण्यास काही करीत नाही, हे आम्ही मुलांस स्पष्ट सांगितले. तो दिसू लागतो आणि पाणी निवळू लागते, ह्या दोन घटना मागेपुढे येतात एवढेच. पूर्वजांनी त्या शेजारी मांडून ठेवल्या, जशा एका मुलाने बाटलीतले ढग व आकाशातले ढग मांडले. थंडीत कुडकुडत चौघेही मुठी मोजीत होते, आणि खाली बंब पेटल्याचा वास येत होता.

तुलसीविवाहापर्यंत वही पूर्ण झाली. तीत गाळाचे दोरे, रोपांची उंची, सावलीची अंगुळे, पक्ष्यांची संख्या, पानांचे ठसे आणि रुमालाचा तुकडा आहे. लिहिलेले फार थोडे. पुतण्याच्या मुलास अद्याप बारा महिने क्रमाने म्हणताना मार्गशीर्षाशी अडखळावयास होते. मात्र ती वही त्याने आपल्या वर्गात नेली, आणि गुरुजींनी वाफशाविषयी विचारले तेव्हा उभे राहून उत्तर दिले, असे त्याच्या आईने आम्हांस सांगितले. सांगताना ती पदराने चष्मा पुसत होती.

ज्या कुटुंबांस घाट व नदी जवळ नाहीत, त्यांनी निराश होऊ नये. पुण्यामुंबईच्या रस्त्यांवर सप्तपर्णी भरपूर लावली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या उग्र वासावरून ती सापडते. सज्जात ऊन येत असेल तर बारा अंगुळांची काठी तेथेही उभी राहते, मुंबईची पलभा वाईहून थोडी अधिक येईल, ती मुलांनी मोजावी. कुंडीतील माती पाण्यात कालवली तर निवळीचा प्रयोग स्वयंपाकघरातही होतो. आणि ज्यांस आमच्या गावी येणे असेल त्यांनी आश्विन शुद्धापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत केव्हाही यावे. दुपारचे ऊन कडक असते, म्हणून हिंडणे सकाळी नऊपूर्वी किंवा पाचानंतर. घाटाच्या शेवळलेल्या पायऱ्यांवर मुलांचा हात धरावा, ओल्या पायरीच्या खाली त्यांस उतरू देऊ नये. आणि धोबी पाहावयाचे असतील तर मोठ्याने बोलू नये.